फ्लॅशकार्डसाठी नक्की कुठलं ॲप घ्यावं? अँकी, क्विझलेट की अजून काही?

शाईपेन:
नमस्कार मंडळी, शरीरशास्त्र शिकतेय, पहिलंच वर्ष आहे. वाचताना सगळं समजतं हो, पण पंधरा दिवसांनी तोच धडा उघडला की नावं आठवत नाहीत, कुठलं संप्रेरक कुठल्या ग्रंथीतून येतं, कुठली झडप कुठल्या दोन कप्प्यांच्या मध्ये, सगळी सरमिसळ. फ्लॅशकार्ड (पुढे प्रश्न, मागे उत्तर) वापर असं बऱ्याच जणांनी सांगितलं म्हणून शोधायला बसले तर अँकी, क्विझलेट, ब्रेनस्केप, रेमनोट आणि अजून ढीगभर, आणि प्रत्येकाचे फॅन आपलंच ॲप कसं भारी ते सांगतायत. अँकी उघडून पाहिलं तर स्क्रीन बघूनच दडपण आलं, क्विझलेट दिसायला छान आणि सोपं वाटलं. मला कॉम्प्युटर आणि अँड्रॉइड फोन दोन्हीवर चालणारं हवंय, कार्डांत आकृत्या टाकता यायला हव्यात आणि हे पुढची तीन-चार वर्षं टिकायला हवं, एका परीक्षेपुरतं नको. आता पीडीएफ टाकली की आपोआप कार्ड बनवून देणारी ॲप्सही आलीत, ती घ्यावीत का? अनुभव असलेल्यांनी प्लीज सांगा.

उजळणी_रोज:
पहिलं वर्ष म्हणतेस म्हणून सरळ तू म्हणतोय, राग मानू नकोस. तुझ्या प्रश्नातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य म्हणजे तीन-चार वर्षं टिकायला हवं हे, त्यावरूनच निवड कर, दिसण्यावरून नको. एवढा काळ टिकवायचं तर ॲपकडून मुख्य काम एकच हवं, ते म्हणजे कुठलं कार्ड आज दाखवायचं आणि कुठलं अडीच महिन्यांनी, हा हिशोब त्याने करायचा, तू नाही. हजार-दोन हजार कार्डं झाली की हा हिशोब डोक्याने होतच नाही. कागदी कार्डांच्या काळात लोक खोक्यांत करायचे, लाइटनर नावाच्या जर्मन लेखकाने १९७२ मध्ये ती पद्धत लोकांपुढे आणली, बरोबर आलं की कार्ड पुढच्या खोक्यात, चुकलं की परत पहिल्या खोक्यात. पुढे १९८७ च्या सुमारास वोझ्नियाक नावाच्या माणसाने सुपरमेमो या उजळणीच्या प्रोग्रॅमसाठी एसएम-२ हे अंतरं ठरवायचं गणित बसवलं आणि अँकी बरीच वर्षं त्याच्याच जवळच्या रूपावर चाललं. आता अँकीत एफएसआरएस हे नवं गणित आहे, २०२३ च्या शेवटी थेट आत आलं, ते तुझ्या स्वतःच्या उत्तरांच्या नोंदी बघून तुझ्या विसरण्याचा अंदाज बांधतं. त्यात किती टक्के आठवायला हवं हे तूच ठरवतेस, मुळात ९० टक्के असतं. ते तसंच ठेव, उत्साहात ९७ वगैरे करू नकोस, रोजचा ढीग इतका वाढतो की माणूस महिन्याभरात सोडून देतो.

तुझ्या बाकीच्या अटींचं बोलायचं तर कॉम्प्युटरवर अँकी फुकट, अँड्रॉइडवर अँकीड्रॉइड फुकट, दोन्हींचं सिंक पण फुकट (आयफोनवालं ॲप मात्र विकत घ्यावं लागतं). आकृतीवर चौकोन टाकून नावं झाकायची सोय आता आतच आहे, वेगळं काही बसवावं लागत नाही. शरीरशास्त्राला ही एक गोष्ट सोन्यासारखी आहे. स्क्रीनचं दडपण चार दिवसांत जातं, कार्ड किती आठवलं हे सांगायची बटणं चारच आहेत.

दोनपानी:
वरच्यांशी बराचसा सहमत, पण क्विझलेट अगदीच मोडीत काढू नका राव. पुढच्या आठवड्यात चाचणी आहे, चार मैत्रिणी मिळून एकच सेट बनवायचाय, जोड्या लावा, खरं-खोटं असा सराव करायचाय, तर ते खूपच सोपं पडतं आणि दुसऱ्याला नुसती लिंक पाठवली की झालं. अँकीत तेच करायला फाइल काढा, पाठवा, समोरच्याने ती आत घ्या, नुसता वैताग. फक्त हे लक्षात ठेवा की पूर्वी फुकट मिळणाऱ्या काही सोयी, लर्न मोड धरून, आता पैसे न भरता मर्यादितच मिळतात, म्हणून तीन-चार वर्षांचा संसार तिथे मांडायचा की नाही याचा विचार आधीच करा. ब्रेनस्केपमध्ये प्रत्येक कार्डाला १ ते ५ असा स्वतःच्या खात्रीचा आकडा द्यायचा असतो, काहींना ते फार आवडतं. मला स्वतःला ते दर कार्डाला थांबून विचार करणं जड जातं.

आणि रेमनोट त्यांच्यासाठी ज्यांना नोट्स आणि कार्ड एकाच जागी हवेत, नोट लिहिता लिहिताच कार्ड तयार होतं. तुम्ही टाइप करून नोट्स काढत असाल तर बघा, वहीत काढत असाल तर उगाच त्या वाटेला जाऊ नका.

शाईपेन:
नोट्स वहीतच काढते, म्हणजे रेमनोट बाद. पण मग आपोआप बनणाऱ्या कार्डांचं काय? वेळ वाचेल असं वाटतंय, एका धड्याला मला तास-दीड तास लागतो कार्ड लिहायला.

कार्डकारखाना:
ताई, तो तास-दीड तास वाया जातोय असं अजिबात समजू नका. त्या वेळात तुम्ही धड्याचे तुकडे करताय, काय लक्षात ठेवायचं आणि काय नुसतं समजून घ्यायचं हे ठरवताय, अर्धा अभ्यास तिथेच होतो. मशीनने बनवलेली कार्डं बघितलीत तर बहुतेक वेळा वाक्यच्या वाक्य उचललेलं असतं आणि मधला एक शब्द झाकलेला, मग काय होतं की वाक्याच्या चेहऱ्यावरून उत्तर येतं, विषय माहीत नसला तरी येतं. परीक्षेत तेच वेगळ्या शब्दांत विचारलं की गाडी अडते.

उदाहरण देतो म्हणजे कळेल. समजा कार्ड लिहिलं, 'हृदयातून रक्ताचा प्रवास सांगा'. मागे सात ओळींचं उत्तर. आता सहा ओळी आल्या, एक राहिली, तर बटण कुठलं दाबायचं? 'परत', म्हणजे विसरलो, म्हटलं तर येणाऱ्या सहा ओळी उगाच पुन्हा पुन्हा येत राहणार, बरोबर म्हटलं तर राहिलेली एक कायमची राहणार. त्याऐवजी तुकडे करा. फुप्फुसाकडून रक्त हृदयाच्या कुठल्या कप्प्यात येतं? डाव्या अलिंदात. डावं अलिंद आणि डावं निलय यांच्या मध्ये कुठली झडप? द्विदल. उजव्या बाजूला? त्रिदल. महाधमनी कुठल्या कप्प्यातून निघते? डाव्या निलयातून. आणि एक कार्ड कारणाचं हवंच, डाव्या निलयाची भिंत उजव्यापेक्षा जाड का? कारण डाव्याला रक्त सगळ्या शरीरभर ढकलायचं असतं, उजव्याला फक्त फुप्फुसापर्यंत. प्रत्येकाचं उत्तर चार-पाच सेकंदांत येतं नाहीतर येत नाही, मधलं काही नाही, म्हणून बटण दाबताना घोळ होत नाही. वर वोझ्नियाकचं नाव आलंय, त्यांनी कार्ड कसं लिहावं याचे २० नियम लिहून ठेवलेत, त्यात एका कार्डात कमीत कमी माहिती हा मोठा मुद्दा आहे आणि आधी समजून घ्या मग पाठ करा हा त्याच्याही आधी येतो.

बटणांवरून आठवलं, विसरलात तर 'परत' म्हणजे अगेनच दाबा. बरेच जण लाज वाटते म्हणून 'हार्ड' दाबतात, पण हार्ड म्हणजे आठवलं, फक्त कष्टाने आठवलं. विसरलेल्याला हार्ड दिलं की एफएसआरएसला वाटतं तुम्हाला येतंय आणि अंतरं चुकीची लांबत जातात, मग लोक म्हणतात ॲप बोगस.

उजळणी_रोज:
कार्डकारखानांनी फार महत्त्वाचं लिहिलंय. त्यात थोडी भर, वाचताना सगळं समजतं पण नंतर आठवत नाही असं जे तू म्हणालीस ना, त्यावर २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी प्रयोग केलेला आहे. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर वाचणारे पुढे, आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे पुढे. पुन्हा वाचलं की आपल्याला येतंय असं वाटतं ते त्या पाच मिनिटांपुरतं खरंही असतं, म्हणूनच फसायला होतं. आता ह्याचा ॲप निवडण्याशी संबंध असा की ज्या ॲपमध्ये तू चार पर्यायांतून ओळखत बसतेस ते आणि ज्यात कोऱ्या पाटीवरून आठवतेस ते, यात दुसरं घे. पर्याय समोर असले की ओळखणं सोपं जातं, तेवढ्याने पाठ झालं असं होत नाही.

दोनपानी:
हे पटलं. आणि एक राहिलंच, कुठलंही ॲप घ्या पण घेण्याआधी पहिल्याच दिवशी पाच कार्डं बनवून ती बाहेर काढता येतात का ते बघा. अँकीतून पूर्ण फाइल निघते, चित्रं, वेळापत्रक सगळ्यासकट. काही ठिकाणी नुसता मजकूर निघतो, चित्रं आतच राहतात, आणि काही ठिकाणी काहीच निघत नाही. दोन वर्षांनी तीन हजार कार्डं अडकली की मग त्या ॲपने काहीही नियम बदलले तरी तुम्ही तिथून हलू शकत नाही.

शाईपेन:
खूप खूप आभार सगळ्यांचे. मग अँकीच घेते, गटातल्या चाचणीपुरतं क्विझलेट. शेवटचा प्रश्न, रोज नवीन कार्डं किती घ्यावीत? अँकीत आधीपासून २० दिसतंय.

कार्डकारखाना:
२० ने सुरू करू नका, ८-१० ठेवा. नवीन कार्ड आज एकदाच नवीन असतं, त्याची उजळणी मात्र पुढे येतच राहते. अँकीच्या सेटिंगमध्येच लिहिलंय की रोज २० नवीन घेणार असाल तर उजळणीची मर्यादा निदान २०० हवी, त्यावरून अंदाज घ्या. महिनाभर १० ने चालवा, रोजचा वेळ सहज झेपला तर वाढवा. परीक्षा जवळ आली की नवीन शून्यावर आणा पण उजळणी बंद करू नका. एफएसआरएस डेक ऑप्शन्समध्ये (डेक म्हणजे कार्डांचा गठ्ठा) खाली आहे, चालू करा, आणि महिन्या-दोन महिन्यांनी तिथलंच ऑप्टिमाइझ दाबा, तोवर तुमच्या उत्तरांच्या बऱ्यापैकी नोंदी जमलेल्या असतील.