ग्राफिंग कॅल्क्युलेटरवर आकडे भरणे वर्गात शिकवावे का?

फोंड्याहून, गणित शिक्षक:
अकरावीच्या मुलांच्या हाती ग्राफिंग कॅल्क्युलेटर देण्यापूर्वी कोणती कळ केव्हा दाबायची यावर निदान दोन तास द्यावेत, असे माझे ठाम मत आहे. टीआय-८४ या ग्राफिंग कॅल्क्युलेटरवर ऋण चिन्हाची कळ वेगळी आणि वजाबाकीची वेगळी असते. नव्या ओळीची सुरुवात वजाबाकीच्या कळीने केली, तर पडद्यावर ‘आन्स’ हा शब्द उमटतो आणि यंत्र मागच्या उत्तरातून वजाबाकी करू लागते. ऋण तीन टाकून वर्गाची कळ दाबली की −९ येते आणि मुले यंत्र बिघडल्याचे सांगत येतात. वास्तविक यंत्राने घात आधी व ऋण चिन्ह नंतर हा नियमच पाळलेला असतो. ऋण तीनचा वर्ग हवा असेल, तर कंस आपणच घालायला हवा.

म्हापशाहून, गणित शिक्षिका:
सर, आपला कंसाचा मुद्दा मान्य आहे, पण कळींसाठी दोन तास देणे मला पटत नाही. टीआय-८२ वर १/२क्ष लिहिले, तर यंत्र २क्ष हा सगळा छेद धरते आणि टीआय-८३ वर तेच लिहिले, तर अर्ध्याला क्षने गुणते. एकाच कंपनीची लागोपाठची दोन यंत्रे जिथे वेगळी उत्तरे देतात, तिथे आपण जे शिकवतो ते गणित नसून त्या यंत्राची सवय असते. डेस्मॉस या ऑनलाइन ग्राफिंग कॅल्क्युलेटरमध्ये भागाकाराची खूण करताच अंश वर आणि छेद खाली मांडला जातो. आपण काय लिहिले हे मुलाला डोळ्यांनी दिसते. तो वेळ मी आलेख वाचायला देईन.

वाळपईहून, रसायनशास्त्र शिक्षिका:
ताई, आपल्याच उदाहरणावरून मला उलट निष्कर्ष काढावासा वाटतो. लहानपणी पाठ केलेले ‘कंचेभागुबेव’ यंत्रापुढे बसताच मुले विसरतात, हे मी प्रयोगशाळेत रोज पाहते. हायड्रोजनच्या एका अणूचे ग्रॅममधले अंदाजे वस्तुमान काढण्यासाठी १ भागिले ६.०२ गुणिले १० चा २३ वा घात असे सरळ टाकले की १.६६ गुणिले १० चा २२ वा घात येतो. एका अणूचे एवढे वस्तुमान कसे, हा प्रश्नही कुणाला पडत नाही. ‘ईई’ कळ वापरली, तर ६.०२ आणि घात मिळून एकच संख्या धरली जाते आणि घात बरोबर −२४ येतो. ही एक कळ न शिकवल्यामुळे माझ्या विद्यार्थ्यांची उत्तरे ४६ घातांनी चुकली आहेत.

म्हापशाहून, गणित शिक्षिका:
ही चूक मी कमी लेखत नाही, परंतु त्यावरचा उपाय मला कळीत दिसत नाही, अंदाजात दिसतो. रेडियनवर, म्हणजे अंशांऐवजी कोनाच्या दुसऱ्या एककावर, ठेवलेल्या यंत्राने साइन ३० चे उत्तर −०.९८८ दिले, तर ते ऋण आहे एवढ्यावरूनच मुलाने थांबायला हवे.

फोंड्याहून, गणित शिक्षक:
थांबल्यावर ‘मोड’मध्ये जाऊन डिग्री निवडायची, हे त्याला कोणी दाखवलेले असेल तरच ना? तरीही अंदाजाची गोष्ट मी घेतो. सोमवारी प्रत्येकाला एंटर दाबण्याआधी उत्तर धन की ऋण, एकापेक्षा मोठे की लहान हे वहीत लिहायला लावीन. दोन तासांचा आग्रह मात्र सोडत नाही.