विलीनीकरणाची अफवा आणि संचालकांची खरेदी : सेमीकंडक्टर शेअरसाठी हे संकेत किती भरवशाचे?

मूळ मत
एखादी सेमीकंडक्टर (म्हणजे चिप बनवणारी) कंपनी विकली जाणार असल्याची बातमी सूत्रांच्या हवाल्याने येते, त्याच सुमारास तिच्या संचालकाने शेअर घेतल्याची नोंद दिसते आणि अनेक गुंतवणूकदार या दोन्हींची बेरीज करून खरेदीला धावतात. माझ्या मते ही बेरीजच चुकीची आहे. अमेरिकेत विलीनीकरणाची गंभीर बोलणी चालू असताना ती ठाऊक असलेल्या संचालकाला कायद्याने शेअर घेता येत नाहीत. त्यामुळे त्याने उघडपणे खरेदी केली असेल, तर निदान त्याला तरी अशा बोलण्यांची माहिती नाही, असाच अर्थ निघतो. म्हणजे दुसरा संकेत पहिल्याला पुष्टी देत नाही, उलट त्याला छेद देतो.

शिवाय या उद्योगात करारावर सही झाली तरी व्यवहार पूर्ण होईलच असे नाही. क्वालकॉमने २०१६ मध्ये एनएक्सपी ही चिप कंपनी घेण्याचा करार केला, पुढे भाव वाढवून १२७.५० डॉलर प्रति शेअर केला, तरी चीनच्या नियामकाची मंजुरी मिळाली नाही आणि जुलै २०१८ मध्ये २ अब्ज डॉलर भरपाई देऊन माघार घ्यावी लागली. एनव्हिडिया आणि आर्म यांचा व्यवहारही नियामकांच्या विरोधामुळे फेब्रुवारी २०२२ मध्ये रद्द झाला.

प्रतिसाद : असहमत
आपण निवडलेली उदाहरणे सगळी फसलेल्या व्यवहारांची आहेत. इंटेल अल्टेरा विकत घेणार, ही बातमी मार्च २०१५ मध्ये फुटली आणि अल्टेराचा शेअर एका दिवसात पाव हिश्श्याहून अधिक वाढला. एप्रिलमध्ये बोलणी फिसकटल्याच्या बातम्या आल्या, तरी १ जूनला ५४ डॉलर प्रति शेअर या भावाने करार जाहीर झाला आणि तो पूर्णही झाला. एएमडीने झायलिंक्स ही चिप कंपनी घेतली, तेव्हा चीनची मंजुरीही मिळाली.

संचालकांच्या खरेदीचे मोल तर मला अफवेपेक्षा कितीतरी अधिक वाटते. हा उद्योग तेजीमंदीच्या चक्रावर चालतो. ग्राहकांकडे साठा किती पडून आहे आणि नव्या मागण्या कधी येऊ लागल्या, हे कंपनीतील माणसांना तिमाही निकाल वाचणाऱ्यांच्या आधी जाणवते. त्यातच सहा महिन्यांच्या आत विकून मिळवलेला नफा कंपनीला परत करावा लागत असल्याने झटपट कमाईसाठी अशी खरेदी कोणी करत नाही.

मूळ मत मांडणाऱ्याचे उत्तर
चक्राचा मुद्दा मान्य आहे. पण आतल्या माणसाचा अंदाजही चुकतो. पॅट गेल्सिंगर यांनी इंटेलचे प्रमुख असताना अनेकदा स्वतःच्या पैशाने शेअर घेतले. ऑगस्ट २०२४ मध्ये निकालानंतर शेअर एका दिवसात सुमारे २६ टक्के कोसळला आणि डिसेंबरमध्ये त्यांना पद सोडावे लागले. त्यांची निष्ठा खरी होती, यात मला शंका नाही. पण निष्ठा म्हणजे नफ्याची हमी नव्हे, आणि मोठ्या कंपनीच्या प्रमुखाची छोटी खरेदी बऱ्याचदा बाजाराला धीर देण्यासाठीच असते.

प्रतिसाद : एक व्यावहारिक मुद्दा
खरेदीची नोंद वाचताना व्यवहाराचा सांकेतिक वर्ण पाहणे आवश्यक आहे. अमेरिकेत संचालकांनी स्वतःच्या शेअर-व्यवहारांसाठी दोन कामकाजी दिवसांत भरावयाच्या ‘फॉर्म ४’मध्ये खुल्या बाजारातील खरेदीपुढे ‘पी’ असतो, तर पगाराचा भाग म्हणून मिळालेल्या शेअरपुढे ‘ए’ आणि ऑप्शन (ठरलेल्या भावाने शेअर घेण्याचा हक्क) वापरल्यास ‘एम’ असतो. यांपैकी केवळ ‘पी’ला अर्थ आहे, तोही अनेक संचालकांनी थोड्या दिवसांच्या अंतराने खरेदी केली असेल तर अधिक.

प्रतिसाद : असहमत
नोंदीचा हा मुद्दा मान्य. मग अफवेच्या बाबतीतही इतकीच काटेकोर पाहणी करू या. करार जाहीर झाल्यावर ठरलेला भाव आणि बाजारभाव यांतील अंतर पाहावे. ते मोठे असेल, तर व्यवहार पूर्ण होण्याबद्दल बाजाराला शंका आहे असे समजावे. इंटेलने टॉवर सेमीकंडक्टरसाठी ५३ डॉलर देऊ केले होते, पण २०२३ मध्ये त्या शेअरचा बाजारभाव त्याच्या बराच खाली होता. ऑगस्टमध्ये व्यवहार मोडला तेव्हा ज्यांनी ते अंतर आधीच पाहिले होते, त्यांना धक्का बसण्याचे कारण नव्हते.