हॉटस्पॉटवर दुपारपर्यंत डेटा संपायलाय, फायबर घ्यावं का?

तेरणाकाठ:
नमस्कार मंडळी, निलंगा तालुक्यातून लिहायलोय. बहीण नीटची रिपीटर हाय, लातूरच्या क्लासचे लेक्चर घरीच लॅपटॉपवर बघती, माझ्या मोबाईलचं हॉटस्पॉट लावून. रोजचा २ जीबी दुपारीच संपायलाय आन मंग व्हिडिओ नुसता गोल गोल फिरत बसतो. फायबरवाला म्हणतो ५० एमबीपीएस देतो, पण शेजारी तेच कनेक्शन हाय आन डाउनलोडला ६ च्याच आसपास दिसतंय. फसवायलेत का? आन वायफाय, ब्रॉडबँड, हॉटस्पॉट हे एकच का वेगळं? जरा समजून सांगा.

गोदावरी_नांदेड:
फसवणूक नाही दादा. कंपनी स्पीड सांगती बिटमधी आन डाउनलोडला दिसतो तो बाइटमधी. ८ बिटचा १ बाइट, ५० ला ८ नं भागा, सव्वासहा येतंय. शेजाऱ्याला बरोबर स्पीड मिळायलाय.
आन वायफाय म्हणजे इंटरनेट नव्हं, राउटर (घरात नेट वाटणारा डबा) पासून लॅपटॉपपर्यंतचा बिनतारी भाग फक्त. घरापर्यंत नेट आणतंय ते ब्रॉडबँड, तुमच्याकडं फायबरच्या केबलनं. हॉटस्पॉटमधी मोबाईलच राउटर होतो आन डेटा सिमचा जातो. म्हणून वायफायच्या काड्या फुल असून पण नेट बंद असू शकतंय. फायबरच्या डब्यावर एलओएसचा (सिग्नल तुटल्याचा) लाल दिवा लागला तर केबलचा प्रॉब्लेम समजा, सरळ कंपनीला फोन लावा.

परभणीकर:
फायबर येईपर्यंत एक करा, विंडोजच्या वायफाय सेटिंगमधी तुमच्या हॉटस्पॉटच्या नावावर जाऊन मीटर्ड कनेक्शन चालू करा, म्हणजे इथं डेटा मोजका हाय हे लॅपटॉपला कळतंय. नाहीतर लॅपटॉपला ते साधं वायफायच वाटतंय, मनून तो मागच्या मागं अपडेट ओढत बसतो आन डेटा तिथंच जातो. लेक्चरच्या व्हिडिओची क्वालिटी कमी करून ४८०पी वर बघा, फळ्यावरचं तेवढ्यात पण वाचता येतंय.

तेरणाकाठ:
लई भारी सांगितलं भाऊ, मीटर्ड आत्ताच लावलं. आमचं घर माळवदाचं हाय, भिंती दोन-दोन हात जाड, राउटर बैठकीत आन बहीण आतल्या खोलीत, रेंज पोचंल का?

गोदावरी_नांदेड:
राउटरच्या वायफायचे दोन बँड असतेत, ५ आन २.४ गिगाहर्ट्झ. ५ वालं फास्ट असतंय पण जाड भिंतीत लवकर दम सोडतंय, २.४ त्यापेक्षा लांब जातंय, आतल्या खोलीत तेच लावा. त्यापेक्षा फायबरवाल्याला आधीच सांगा की डबा आतल्या खोलीच्या दारापाशी बसव, नंतर हलवायला कटकट करतेत. लाईट जाती तिथं राउटरचा छोटा यूपीएस पण घ्या, घेताना डब्याच्या अडॅप्टरवर किती व्होल्ट लिहिलंय ते बघून घ्या.