उत्तर: नियम पाठ आहेत, पण उभं कुठे राहणार?

नियमपुस्तक पाठ झालं की बेसबॉलचा अंपायर होता येतं, हे मत अर्धंच खरं. होम प्लेटमागे (बॅटरजवळ जमिनीत बसवलेली पाटी) बरेच निर्णय चुकतात ते उभं राहण्यात. कॅचरच्या, म्हणजे प्लेटमागे बसून चेंडू झेलणाऱ्याच्या, थेट मागे नको. त्याच्या आणि बॅटरच्या मधल्या फटीत, हनुवटी कॅचरच्या हेल्मेटच्या वरच्या कडेला. त्याहून खाली वाकलात की गुडघ्याजवळचा चेंडू कॅचरआड जातो. डोकं स्थिर ठेवून चेंडू नुसत्या डोळ्यांनी ग्लोव्हपर्यंत न्यायचा, क्षणभर थांबायचं, मग कॉल. घाई केली की उशिरा वळणारा कर्व्हबॉल हमखास फसवतो. प्लेट १७ इंच रुंद. स्ट्राइक झोनच्या (साधारण बॅटरच्या गुडघ्यापासून छातीपर्यंतचा पट्टा) उंचीत चेंडूची कड तिच्यावरून चाटून गेली तरी स्ट्राइकच, म्हणजे बॅटरच्या विरोधात मोजला जाणारा चेंडू. आणि हो, मास्क डाव्या हाताने काढायची सवय लावा, उजवा हात आउटच्या खुणेसाठी मोकळा हवा.