छातीत कफ भरलाय, घरात दोन सिरप आहेत: कोणतं द्यावं?

सेलूकर_शेती: सोयाबीनची मळणी झाल्यापासून वडिलांना (६४) खोकला. आता घट्ट पांढरा बेडका पडतोय, ताप नाही. बीपी-शुगरच्या गोळ्या चालू. घरात दोन बाटल्या आहेत, ५ मिलीचं प्रमाण असं:
१) डेक्स्ट्रोमेथॉर्फन १० मिग्रॅ, क्लोरफेनिरामिन २, फिनाइलेफ्रिन ५
२) टर्ब्युटालिन १.२५ मिग्रॅ, ब्रोमहेक्सिन ४, ग्वायफेनेसिन ५०
दोन्ही मिळून दिल्या तर? आणि तीन वर्षांच्या लेकराला अर्धं टोपण चालेल का?

औषधवाला_लातूर: दादा, लेबलच्या मागची बाजू वाचलीत, अर्धं काम तिथंच झालं. मिळून अजिबात देऊ नका. पहिली खोकला दाबते, दुसरी कफ सोडवते. सुटलेला कफ बाहेर यायला खोकला लागतोच, तो दाबला की कफ आतच साचतो.

पहिली त्यांच्यासाठी तशीही नको. फिनाइलेफ्रिननं बीपी चढू शकतो. क्लोरफेनिरामिननं झोप येते, कफ आणखी चिकट होतो आणि प्रोस्टेट वाढलेलं असेल तर लघवी अडते.

दुसरीतलं टर्ब्युटालिन श्वासनळ्या सैल करणारं, डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध. हात थरथरतात, धडधड होते, शुगरही वाढू शकते. शिवाय कफ सोडवणाऱ्या ग्वायफेनेसिनचा मोठ्यांचा डोस एका वेळी २०० ते ४०० मिग्रॅ, या बाटलीच्या १० मिलीत मिळतात जेमतेम १००. गुण येईना म्हणून लोक डोस वाढवतात, तेव्हा टर्ब्युटालिनही तितकंच वाढतं. गडबड होते ती इथं.

म्हणून दुसरीही आपल्या मनानं नको. मेडिकलवर कफ पातळ करणाऱ्या एकट्या अँब्रॉक्सॉलची ३० मिग्रॅ गोळी मागा, जेवणानंतर दिवसातून दोनदा. पोटात अल्सर असेल तर विचारल्याशिवाय नको. सिरपच हवं तर शुगर-फ्री घ्या आणि खुणेच्या टोपणानं मोजा, घरातल्या चमच्यानं नाही. कोमट पाणी थोडं थोडं दिवसभर. वाफ साध्या पाण्याची, बाम न टाकता.

नांदेडची_नर्स: लेकराला दोन्हीतलं थेंबभरही नको. छिंदवाड्यात (मध्य प्रदेश) सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष सापडलं. ऑक्टोबर २०२५ मध्येच केंद्रानं सांगितलंय: दोन वर्षांखालच्यांना सर्दी-खोकल्याची औषधं नकोत, पाच वर्षांखाली साधारणपणे टाळावीत. झोपताना एक छोटा चमचा मध द्या (वर्षाखालच्या बाळाला मध कधीच नाही), नाक चोंदलं तर सलाईनचे थेंब. लेकरू शांत असताना पूर्ण मिनिट श्वास मोजा. ४० किंवा जास्त भरले, किंवा बरगड्या आत ओढल्या जात असतील, तर लगेच दवाखाना.

वडिलांची बीपीची गोळी कोणती?

सेलूकर_शेती: ताई, ॲम्लोडिपिन.

नांदेडची_नर्स: मग ती कारण नसावी. एनालाप्रिल, रॅमिप्रिलसारख्या गोळ्यांनी कोरडा खोकला लागतो, म्हणून विचारलं. मळणीच्या भुसकटापासून त्यांना लांबच ठेवा. दम लागला, छातीत दुखलं, ताप आला किंवा बेडक्यात रक्त दिसलं तर थांबू नका. खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला तर सरकारी दवाखान्यात टीबीची तपासणी फुकट होते. डबीत नुसती थुंकी देऊ नका, सकाळी चूळ भरून खोलवर खोकून काढलेला बेडकाच द्या.