वीस पौंडांचा लीडर पुरेल का?

'मासा दहा-बारा पौंडांचा, मग वीस पौंडांचा लीडर का पुरू नये?' असं एकाने सॅमन मासेमारीबद्दल विचारलंय. (लीडर म्हणजे गळाजवळचा दोरीचा शेवटचा तुकडा; त्याचे पौंड म्हणजे तो किती ताण सोसतो ते.) हिशेब बरोबर आहे, पण ट्रोलिंगमध्ये, म्हणजे चालत्या बोटीमागे आमिष ओढताना, वजन फक्त माशाचं नसतं. चालती बोट, पाण्याची ओढ आणि अकरा इंची फ्लॅशर (माशाचं लक्ष वेधणारी फिरती, चकाकती पट्टी), सगळं त्याच दोरीवर येतं.

मी सिएटलजवळ प्युजेट साउंडमध्ये चिनूक सॅमनसाठी रिळावर तीस पौंडांचा मोनो ठेवतो (एकपदरी नायलॉन दोरी; आमच्या कोकणातला तंगूसच की हा!). ब्रेड, म्हणजे विणलेली दोरी, बारीक आणि मजबूत, पण ती ताणत नाही. झटका थेट गळावर जातो. शिवाय डाउनरिगरच्या (वजन लावून दोरी खोल नेणाऱ्या यंत्राच्या) क्लिपमधून ती सुळकन निसटते.

फ्लॅशरमागे हूची (म्हाकुलासारखं मऊ प्लास्टिकचं आमिष) लावणार असाल तर लीडर चाळीस पौंडांचा घ्या. ताकदीपेक्षा ताठपणासाठी. हूचीला स्वतःची हालचाल नसते, फ्लॅशरचा हिसका ताठ दोरीतूनच तिच्यापर्यंत पोचतो. लांबी साधारण तीन ते साडेतीन फूट; कोहो सॅमनसाठी थोडी आखूड. नुसता स्पून (चमच्यासारखं धातूचं आमिष) ओढत असाल तर मात्र पंचवीस-तीसचा बरा, जाड दोरीने तो नीट पोहत नाही.

आणि प्रत्येक माशानंतर गळाजवळची वीतभर दोरी नखातून ओढून बघा. मागे मी आळस केला होता. बोटीच्या कडेला, जाळं हातात, आणि दातांनी खरवडलेला लीडर गाठीच्या वर तुटला. चाळीस पौंडांचाच होता तो.

रिळाचा ड्रॅग (किती ताणाला दोरी सुटू लागते ते) सात-आठ पौंडांवर ठेवा. पहिली धाव घेऊ द्या माशाला.