एकिन्सच्या चित्रावर काळोख परत चढवला, हे बरोबर झालं का?

तैलरंग:
अमेरिकी चित्रकार थॉमस एकिन्सचं 'द ग्रोस क्लिनिक' (१८७५) हे ८ फूट उंच आणि साडेसहा फूट रुंद तैलचित्र आहे. फिलाडेल्फियात मांडीच्या हाडाची शस्त्रक्रिया चालू आहे आणि डॉ. सॅम्युएल ग्रोस क्षणभर थांबून विद्यार्थ्यांकडे वळले आहेत. एकिन्स १९१६ मध्ये गेला. त्यानंतर १९१७ ते १९२५ च्या दरम्यान झालेल्या साफसफाईत वरचे काळपट थर निघून गेले. ग्रोस यांच्या मागची बोळकांडी, जिच्या तोंडाशी दोघे जण उभे आहेत, नारिंगी-लाल भडकली. २०१० मध्ये फिलाडेल्फिया कलासंग्रहालयात मार्क टकर आणि सहकाऱ्यांनी १९१७ चा फोटो आणि एकिन्सनेच शाईत केलेली प्रत समोर ठेवून तो भाग पुन्हा गडद केला.

माझ्या मते योग्य केलं. या चित्रात उजेडाचा पहिला मान ग्रोस यांच्या कपाळाचा, मग रक्ताळलेल्या बोटांचा आणि रुग्णाच्या मांडीचा. मागची बोळकांडी पेटली की नजर तिकडे पळते आणि दालनाची खोली संपते.

कोरा_कॅनव्हास:
ठाम असहमत. पुरावा काय, तर एक कृष्णधवल फोटो. त्या काळी फोटोसाठी वापरायच्या त्या बहुतेक काचेच्या प्लेटा लाल रंगाला जवळजवळ आंधळ्या होत्या. लाल-नारिंगी भाग त्यांच्यावर डोळ्याला दिसतो त्यापेक्षा काळा उमटतो, आणि वाद नेमका लाल-नारिंगी भागाचाच आहे! शाईची प्रत केली होती ती छापील प्रतिकृतीसाठी. छपाईसाठी चित्रकार उजेड-काळोखातला विरोध मुद्दाम वाढवतो. दोन्हींतून गडदपणाचा अंदाज येतो, रंग कळत नाही. गेलेलं गेलं म्हणावं आणि एकिन्सच्या हातचं जे उरलंय तेवढंच दाखवावं.

बोळा_आणि_राळ:
थर गेले कसे, ते आधी पाहू. डमार किंवा मस्तकी या झाडांच्या राळेचं व्हार्निश काही दशकांत पिवळं पडतं. ते काढायला अल्कोहोल किंवा अॅसिटोनसारखं द्रावक कापसाच्या बोळ्याने फिरवतात. एकिन्स चित्र जवळपास पुरं झाल्यावर पातळ, काळसर, पारदर्शक हात देऊन छटा खाली उतरवायचा. अशा हातात तेलाबरोबर राळ असली तर जे द्रावक व्हार्निश विरघळवतं तेच हा हातही उचलतं. बोळ्यावर तपकिरी रंग आला की साफ करणाऱ्याला वाटतं मळ निघतोय, आणि निघत असतं चित्र.

म्हणून आता आधी अतिनील प्रकाशात बघतात. जुनी राळ हिरवट चमकते, नंतर केलेली डागडुजी काळी दिसते. मग टाचणीच्या टोकाएवढा नमुना घेऊन त्याचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. थर व्हार्निशच्या वर आहे की खाली, हे तिथेच ठरतं. चौकटीच्या खाचेत झाकलेली कडही तपासायची, कारण जुना बोळा अनेकदा तिथवर पोचलेला नसतो.

आणि 'काळोख चढवला' म्हणजे एकिन्सच्या रंगावर कायमचं काही चिकटवलं, असं नाही. आधी मधे व्हार्निशचा अलग ठेवणारा थर देतात. त्यावरचा रंग अशा माध्यमात असतो, जे उद्या सौम्य द्रावकाने निघेल आणि खालच्या तेलरंगाला धक्का लागणार नाही.

समुद्र_चांदणं:
निसर्गचित्रांत हा प्रश्न जास्त अवघड आहे. संध्याकाळच्या आकाशावरचा गुलाबी हात इतका पातळ असतो की एकदा बोळ्यावर आला की संपलं. तिथे फोटो नसेल तर कुणीही अंदाजाने रंगवू नये.

अमेरिकी चित्रकार अल्बर्ट पिंकहॅम रायडरची गोष्ट आणखी वेगळी. 'जोना'सारखं चित्र तो वर्षानुवर्षं हाताळत राहायचा, ओल्या व्हार्निशवर रंग, त्यावर पुन्हा व्हार्निश. वरचा थर लवकर सुकून आखडतो, खालचा मऊच राहून सरकतो, म्हणून रुंद भेगा पडतात आणि सगळं काळवंडतं. हे नुकसान त्याच्याच पद्धतीतून आलंय. तिथे 'मूळ रूप' परत आणायला जाल तर रायडरच पुसला जाईल. ग्रोस क्लिनिकचं नुकसान परक्या हाताने झालं. मला तरी हा फरक निर्णायक वाटतो.

तैलरंग:
@कोरा_कॅनव्हास, प्लेटांचा मुद्दा फोटोला लागू पडतो, शाईच्या प्रतीला नाही. ती एकिन्सने स्वतःच्या डोळ्याने पाहून केली. तिच्यातही बोळकांडी दबलेली आहे. १८८१ च्या 'मेंडिंग द नेट'साठी त्याने फोटोची प्रतिमा प्रकाशाने कॅनव्हासवर पाडून रेखाटन केलं, आणि रंग चढल्यावर जागा हरवू नये म्हणून अणकुचीदार टोकाने बारीक खुणा कोरल्या. इतकं मोजूनमापून काम करणारा माणूस छटा नशिबावर सोडेल का?

कोरा_कॅनव्हास:
रेखाटन काटेकोर होतं म्हणून छटेचा नेमका रंग सिद्ध होत नाही. बोळकांडी गडद होती, हे शाईच्या प्रतीमुळे मानतो. पण कोणती गडद? अंबर म्हणजे मातकट तपकिरी, की तांबूस काळी? ती निवड २०१० मधल्या माणसाची आहे. तेव्हा डागडुजीआधीचा, भडक अवस्थेतला रंगीत फोटो त्याच आकारात चित्राशेजारी लावावा. शिवाय नवा रंग आणि जुना रंग एका गतीने बदलत नाहीत. दर काही वर्षांनी त्याच दिव्याखाली, त्याच रंगपट्टीसोबत त्या कोपऱ्याची नोंद घेतली पाहिजे. नाहीतर सरकलेली छटा कुणाची, हे पुढच्या संवर्धकाला कळणार नाही.